पंप ३००० लिटरचा, टाकीत येतंय ९०० लिटर. रिटर्न पाइपमध्ये पाणी नेमकं कुठे अडतंय?

पाणकणीस

नमस्कार मंडळी,

हॉलमध्ये ४ × दीड × दीड फुटांची गोड्या पाण्याची टाकी आहे, खाली कॅबिनेटमध्ये सम्प, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरून गाळलं जातं आणि रिटर्न पंपाने परत वर चढतं ती छोटी टाकी. मासे एंजल, कोरिडोरास आणि टेट्रांचा एक थवा. टाकी, कॅबिनेट आणि पाइपिंग सगळं एकदमच बसवून घेतलं होतं.

रिटर्न पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर, हेड ३ मीटर, ४५ वॅट असं छापलंय. पण टाकीत पडणाऱ्या पाण्याला जोरच नाही. लाकडाच्या मागे घाण साचते, पाण्यावर तेलकट साय धरते, आणि या उन्हाळ्यात एंजल पहाटे वर येऊन तोंड मारताना दिसतात. शेवटी नोझलला नळीचा तुकडा लावून १० लिटरची बादली भरून बघितली. ४० सेकंद लागले, म्हणजे तासाला ९०० लिटर.

पाइपचा रस्ता असा: पंपाच्या तोंडाशी एल्बो, मग पितळी एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), बॉल व्हॉल्व्ह, कॅबिनेटच्या मागच्या फळीतून बाहेर काढायला दोन एल्बो, वर जाऊन काठावरून आत वळवायला आणखी दोन, आणि पाण्यात शिरल्यावर एक एल्बो लावून चपट्या तोंडाचं नोझल. पाइप सगळा पाऊण इंची सीपीव्हीसी.

दुकानदार म्हणतात ५००० लिटरचा पंप लावा. तो ८५ वॅटचा आहे. घ्यावा का? की दोष दुसरीकडेच आहे?

टेट्राप्रेमी

माझ्याकडे हाच प्रकार होता. मोठा पंप लावला आणि प्रश्न मिटला. एवढा विचार करू नका, घेऊन टाका. जुना पाणी बदलायच्या कामाला येतो.

पानापक्कड

पाणकणीस, पंप विकत घ्यायच्या आधी दोन-तीन मोजमापं करा, सगळी त्याच बादलीने. मोजायला पैसे लागत नाहीत, आणि ती केल्याशिवाय इथे कुणीही दिलेलं उत्तर हा अंदाजच असेल.

आधी खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ३००० लिटर हा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवायचं नसतं तेव्हाचा. ३ मीटर हेड म्हणजे त्या उंचीला पाणी पोचेल, पण बाहेर पडणार नाही. तिथे प्रवाह शून्य. तुमचं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं. सम्पमधल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत तुमच्याकडे साधारण १ मीटर असेल. एवढ्या उंचीला हा पंप १८०० ते २००० लिटर द्यायला हवा. म्हणजे ३००० मिळत नाहीत ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही, पण १८०० च्या जागी ९०० ही नक्कीच आहे.

आता मोजमापं.

पंप पाइपपासून सोडवा, मोठ्या टबात ठेवा, तोंडाला वीतभर नळी लावा आणि टबाच्या काठावरून बादलीत सोडा. हा झाला निव्वळ पंप. इथेच कमी आलं तर इम्पेलरकडे, म्हणजे पंपाच्या आत फिरणाऱ्या पात्यांकडे वळायचं.

मग २५ मिलिमीटर आतल्या व्यासाची साधी नळी लावून पंप परत सम्पमध्ये ठेवा, नळी सैल हाताने वर न्या आणि टाकीच्या पातळीला बादली भरा. ही पंप आणि उंची यांची बेरीज. पाइपिंग कितीही चांगलं केलं तरी तुम्हाला यापेक्षा फारसं जास्त मिळणार नाही, म्हणून हा आकडा जपून लिहून ठेवा.

यातून आत्ताचे ९०० वजा केले की पाइपाने खाल्लेलं पाणी निघतं. मग पाइपातला एकेक भाग काढत जायचं आणि दर वेळी बादली लावायची.

एक काळजी घ्या. बादली जमिनीवर ठेवू नका. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेलं की सायफन सुरू होतो, पाणी ओढलं जातं आणि आकडा उगाच फुगतो. टेबलावर पाट ठेवून त्यावर बादली ठेवा, तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या रेषेत आलं पाहिजे. लिटर गुणिले ३६००, भागिले सेकंद, हा हिशोब. दर खेपेला दोन-तीनदा भरा आणि सरासरी घ्या, स्टॉपवॉचचं बटण दाबण्यात एखादा सेकंद इकडेतिकडे होतोच.

खारंपाणी

पानापक्कडांनी क्रम बरोबर सांगितलाय. सुरू करण्याआधी सुरक्षेचं बोलतो. पाण्यात हात घालायच्या आधी पंप आणि हीटर दोन्हींची पिन बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर ते बंद करूनही वायरीत वीज राहते. टाकीच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच आहे ना, तेही बघून घ्या. आणि वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खालीच टपकतं. सम्पचं काम करताना ओल्या हाताने पिन लावा-काढायची वेळ बऱ्याचदा येते, म्हणून हे आधीच.

कातळसडा

पंप सोडवणारच आहात तर इम्पेलर धुऊन घ्या. पुढचं झाकण फिरवून काढलं की इम्पेलर लोहचुंबकासकट बाहेर येतो. मधला दांडा सिरॅमिकचा असतो, तो वाकत नाही, थेट मोडतो. तिथे जोर लावू नका. चुंबकावर तपकिरी बुळबुळीत थर असेल तो जुन्या टूथब्रशने जाईल. ज्या भोकात चुंबक बसतो ते भोकसुद्धा आतून घासा, तिथली बुळबुळ बहुतेक जण विसरतात. पांढरा खर धरला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, किंवा लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड. नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा. साबण मात्र अजिबात नको.

पाती मोडलेली नाहीत ना, दोन्ही टोकांचे रबरी बूच जागेवर आहेत ना, तेही तपासा. एक बूच पडलं की इम्पेलर डुगडुगतो, आवाज करतो आणि पाणी कमी देतो.

हडसनपार

मी न्यू जर्सीत असतो, इथल्या पंपांच्या खोक्यांवर ६० हर्ट्झचे आकडे असतात. भारतात ५० हर्ट्झ. साध्या एसी पंपाची मोटर विजेच्या आवर्तनाबरोबर फिरते, ५० ला मिनिटाला ३००० फेरे आणि ६० ला ३६००. तोच इम्पेलर सहा पंचमांश वेगाने फिरला की पाणी २० टक्के जास्त देतो आणि हेड ४४ टक्क्यांनी वाढतं. ऑनलाइन माहितीपत्रकात कधीकधी दोन्ही आकडे दिलेले असतात आणि दुकानाच्या पाटीवर त्यातला मोठा चढतो. पंपावरची बारीक अक्षरं वाचून घ्या.

टेट्राप्रेमी

व्होल्टेज कमी असलं तरीही पाणी कमी येतं ना? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं.

हडसनपार

अशा मोटरीत वेग व्होल्टेजवर अवलंबून नसतो. व्होल्टेज फारच पडलं तर पंप सुरूच होत नाही किंवा अडकून गुणगुणत राहतो, पण चालू असताना दिवसभर निम्मं पाणी देतोय याचं कारण ते नव्हे. डीसी पंपाचं वेगळं, तिथे वेग कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरची पायरी चुकून कमीवर राहिली असेल तर ते आधी बघायचं.

पाणकणीस

सगळ्यांचे आभार. दुपारी बसून केलं. आकडे देते.

नुसता पंप टबात, धुण्याआधी: १० लिटरला १५ सेकंद, म्हणजे २४००. इम्पेलरवर बुळबुळ होतीच, चुंबकाच्या भोकात तर जास्तच. कातळसडा यांनी सांगितल्याप्रमाणे घासून, व्हिनेगरमध्ये ठेवून परत लावला: १३ सेकंद, म्हणजे जवळजवळ २७७०. पात्या शाबूत, दोन्ही बुचं जागेवर.

मग २५ मिमीची सैल नळी लावून टाकीच्या पातळीला, पाटावर बादली ठेवून: २० सेकंद. म्हणजे १८००.

पंप परत मूळ पाइपाला जोडला: ३८ सेकंद, म्हणजे ९५० च्या आत. इतका घासूनपुसून पन्नासच लिटरांचा फरक पडला!

पानापक्कड

फार छान मोजलंत ताई. आता चित्र स्पष्ट आहे. पंप धडधाकट आहे, उंचीला १८०० देतोय, आणि अर्धं पाणी पाइपात जिरतंय. आता ५००० च्या पंपाबद्दल टेट्राप्रेमींना आणि तुम्हाला एकत्रच उत्तर देतो.

पाइपातला विरोध प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं तर चौपट दाब लागतो. म्हणून चिंचोळ्या पाइपाला मोठा पंप लावला की थोडं पाणी वाढतं खरं, पण खर्च केलेल्या विजेच्या मानाने फारच थोडं. टेट्राप्रेमींचा पाइप मोकळा असेल, तिथे फरक पडला असणार. इथे पडणार नाही. शिवाय ४५ वॅटचा पंप महिन्याला साधारण ३२ युनिट खातो, ८५ वॅटचा ६१. आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. उन्हाळ्यात एंजल आधीच वर येतायत, त्यात पाणी आणखी तापवायचं कशाला? २५ अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात.

आता पाइपाचं. पाऊण इंच हे नुसतं नाव आहे. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप बाहेरून २२ मिमी आणि आतून जेमतेम १८ मिमी भरतो. यूपीव्हीसीचा शेड्यूल ४० चा पाऊण इंची आतून जवळजवळ २१ मिमी. त्याच नावाचे दोन पाइप, पण भोकं वेगळी. घरातल्या गिझरच्या लाइनला सीपीव्हीसी उत्तम, कारण तिथे वरच्या टाकीचा दाब असतो आणि गरम पाणी सोसायचं असतं. सम्पच्या पंपाकडे दाब नसतो. त्याच्या हातात एकूण ३ मीटर, त्यातला १ मीटर उंचीतच संपतो.

१८ मिमीतून १८०० लिटर न्यायचे तर पाणी सेकंदाला जवळजवळ २ मीटर वेगाने धावावं लागतं. त्या वेगाला एकेक एल्बो १५ ते २० सेंटिमीटर हेड खातो. तुमच्याकडे सहा एल्बो आहेत, म्हणजे मीटरभर हेड वळणांतच गेलं. तेच पाणी २५ मिमीतून नेलं तर वेग १ मीटरवर येतो आणि एका एल्बोला सुमारे ५ सेंटिमीटर लागतात. सरळ पाइपातलं घर्षण तर व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं, १८ चे २५ केले की ते पाचव्या हिश्शावर येतं. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने काय होतंय असं वाटतं, पण सगळा खेळ तिथेच आहे.

पुढची पायरी: एनआरव्ही काढा आणि मोजा. पितळी स्प्रिंगवाल्या एनआरव्हीत पाण्याला आधी स्प्रिंग दाबावी लागते आणि मग चकतीच्या कडेने वाट काढावी लागते. तो बोअरवेलच्या आणि इमारतीच्या पंपांसाठी असतो.

गोदाकाठ

मधेच विचारते, राग मानू नका. माझ्याकडे सम्प नाही, कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर आहे. नाशिकला बोअरचं पाणी, चांगलंच जड. सुरुवातीला धो धो यायचं, आता टाकीत नुसतं ठिबकल्यासारखं येतं. स्पंज धुतला की आठवडाभर बरं आणि परत तेच.

कातळसडा

गोदाकाठ, नळ्या आतून कधी घासल्यात? हिरव्या नळीत बाहेरून काही दिसत नाही, पण आत सगळीकडून बुळबुळीत थर चढतो आणि १२ मिमीची नळी ९-१० ची होते. पानापक्कडांनी वर पाचव्या घाताचं सांगितलंय ते इथेही लागू. लांब तारेचा दोन्ही टोकांना ब्रश असलेला नळी-ब्रश मिळतो, तो आरपार ओढा. पहिल्यांदा जो काळा गाळ निघेल तो मोरीतच पाडा, टाकीत जाऊ देऊ नका.

जड पाणी असल्याने इम्पेलरच्या खोबणीत आणि स्प्रे-बारच्या भोकांत खर धरलेला असणार. भोकं टाचणीने मोकळी करा. आणि फिल्टरच्या आत सगळ्यात आधी जाड स्पंज, मग बारीक, शेवटी कापूस असा क्रम ठेवा. कापूस आधी आला तर दोन दिवसांत चोंदतो. धुताना मात्र सिरॅमिकच्या नळकांड्या नळाखाली धरू नका, पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळा, आणि स्पंज व सिरॅमिक एकाच दिवशी धुऊ नका.

गोदाकाठ

नळ्या कधीच नाही घासल्या. आज ब्रश मागवते. मनापासून धन्यवाद.

पाणकणीस

एनआरव्ही काढला, तिथे सरळ तुकडा बसवला: ३० सेकंद, १२०० लिटर! एका पितळी तुकड्याने अडीचशे लिटर अडवले होते.

चपटं नोझल काढून उघडं तोंड ठेवलं: २७ सेकंद, म्हणजे १३३०.

पण आता भीती वाटते. एनआरव्ही मुद्दाम बसवला होता, वीज गेली की टाकीतलं पाणी उलटं सम्पमध्ये उतरू नये म्हणून. आमच्याकडे गुरुवारी वीज जातेच. हॉलमध्ये पाणी झालं तर लाकडी फ्लोअरिंग गेलंच.

खारंपाणी

भीती योग्य आहे, पण एनआरव्ही हा त्यावरचा खात्रीचा उपाय नाही. त्याच्या चकतीखाली गोगलगाईचं कवच किंवा शेवाळाचा धागा अडकला की तो नीट मिटत नाही, आणि हे कळतं ते नेमकं वीज गेल्यावर. समुद्री टाक्यांमध्ये तर त्यावर चुन्याचा थर चढून तो उघडाच राहिलेला मी पाहिलाय.

त्यापेक्षा हिशोब करा. टाकीचं तोंड १२० × ४५ सेंटिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटर पाणी उतरलं की ५.४ लिटर. ओव्हरफ्लो, म्हणजे टाकीतलं जास्तीचं पाणी सम्पकडे सोडणारी दातेरी पेटी, तिच्या दातांपर्यंत पाणी उतरलं की थांबतो. पुढचं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं येतं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमचं तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर असेल तर २७ लिटर खाली येणार. तेच ३ सेंटिमीटरवर आणलं तर १६.

दुसरं, पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ३ मिमीचं भोक पाडा, टाकीच्या आतल्या बाजूला तोंड करून. वीज गेली की पाणी बोटभर उतरतं, भोक हवेत येतं, हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना भोकातून बारीक धार टाकीतच पडत राहते, तिने नुकसान काही नाही. दोन भोकं पाडा. एकावर शेवाळ धरलं तरी दुसरं चालेल. काच पुसायच्या दिवशी टाचणी फिरवायची.

तुमचा सम्प केवढा आहे?

पाणकणीस

७५ × ३५ × ४० उंच. पाणी चालू असताना २५ सेंटिमीटरला असतं.

खारंपाणी

मग ७५ × ३५ म्हणजे १ सेंटिमीटरला २.६ लिटर. वर १५ सेंटिमीटर मोकळे, पडद्यांची आणि स्पंजची जागा सोडली तरी ३५ लिटर सहज मावतील. १६ लिटर आले तर पाणी ६ सेंटिमीटर चढेल. ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपातलं मिळून आणखी काही लिटर धरा. भरपूर जागा आहे, अट एवढीच की टाकीतून उडालेलं पाणी भरताना सम्प काठोकाठ भरायचा नाही.

आणि कागदावरच्या हिशोबावर विसंबू नका. तुम्ही घरी असताना, हाताशी बादली आणि पोछा ठेवून, पंपाची पिन काढा आणि सम्पकडे बघत बसा. पाणी थांबेल तिथे काचेवर खूण करा. मग भोकांवर बोटं दाबून पुन्हा एकदा करा, म्हणजे ती चोंदल्यावर काय होईल तेही कळेल. या दुसऱ्या खेपेतही सम्प ओसंडला नाही तर गुरुवारी खुशाल बाहेर जा.

पानापक्कड

खारंपाणींशी शंभर टक्के सहमत. एनआरव्ही परत लावू नका.

१३३० आणि १८०० मधे अजून पावणेपाचशे लिटर शिल्लक आहेत. ते आता १८ मिमी आणि सहा एल्बो यांचेच. सगळा पाइप उखडायची तयारी असेल तर मी असं करेन: पंपापासून काठापर्यंत २५ मिमी आतल्या व्यासाची जाळी गुंफलेली जाड नळी, एल्बोऐवजी तिचंच मोठं गोल वळण, आणि काठावर फक्त दोन वळणं. काठावरचं वळण ९० अंशांच्या एल्बोने करण्यापेक्षा ४५ चे दोन मधे छोटा तुकडा ठेवून लावले तर पाणी जास्त सुखाने वळतं. नळी कॅबिनेटच्या भोकात दुमडणार नाही एवढं बघा. दोन्ही टोकांना स्टीलचे क्लॅम्प, पंपाजवळ युनियन (फिरवून उघडता येणारा जोड), म्हणजे पुढच्या वेळी पंप धुवायला काढताना काही कापावं लागणार नाही.

पंपाच्या तोंडाचा जो अडॅप्टर असतो त्यावर बऱ्याचदा पायऱ्या असतात, १६, २०, २५ मिमी अशा. जाड नळी लावली तरी पुढची बारीक पायरी तशीच ठेवली तर पाणी तिथे गळा आवळल्यासारखं अडतं. न लागणाऱ्या पायऱ्या हॅकसॉने कापून टाका.

पाणकणीस

रविवारी भावाला बोलावून सगळं बदललं. जुना पाइप कापताना एक गोष्ट मिळाली ती सांगितलीच पाहिजे. कॅबिनेटच्या मागच्या फळीतल्या कपलरच्या आत सॉल्व्हंटचा वाळलेला पिवळट कडा होता, दोन्ही बाजूंनी आत दाबला गेलेला, आणि त्याला हॅकसॉचा भुसा चिकटलेला. पाइपात माझी करंगळी जाते, तिथे ती पहिल्या पेरालाच अडली. हे बाहेरून कुणालाही कधीच दिसलं नसतं.

नळी २५ मिमीची, अडॅप्टरच्या दोन पायऱ्या कापल्या, काठावर ४५ चे एल्बो, तोंड ३ सेंटिमीटर पाण्याखाली, दोन भोकं. बादली २१ सेकंदांत भरली, म्हणजे १७१०!

पिन काढून बघितलं. पाणी सम्पमध्ये भोकं उघडी असताना ४ आणि बोटांनी बंद केल्यावर ८ सेंटिमीटर चढलं. खुणा केल्यात.

पानापक्कड

ते कपलर बघून वाईट वाटलं, पण हे फार ठिकाणी होतं. सॉल्व्हंट पाइपाच्या बाहेरून सगळीकडे सारखं, नीट लावायचं आणि फिटिंगच्या आत मात्र पातळच लावायचं असतं. फिटिंगमध्ये भरपूर फासलं की पाइप शिरताना सगळं पुढे ढकललं जातं आणि आत कडा तयार होतो. आणि कापल्यावर पाइपाची आतली कड चाकूने उतरवायची. गळत नाही म्हणजे जोड चांगला, असं समजून काम सोडलं जातं.

पाणकणीस

एक नवीन त्रास सुरू झालाय. काल रात्रीपासून टाकीत बारीक बारीक बुडबुडे येतायत, दुधाळ दिसावं इतके. आणि पंप मधेच घरघरतो.

कातळसडा

पंप असलेल्या कप्प्यातली पातळी बघा. खाली गेलीय का?

पाणकणीस

हो! बाकीचे कप्पे भरलेले आहेत आणि पंपाचा कप्पा निम्माच. पाण्यात भोवरा पडलेला दिसतो.

कातळसडा

मग पंप हवा ओढतोय. आधी तासाला ९०० लिटर जायचं तेव्हा मधला कापूस आणि बारीक स्पंज तेवढं पाणी पुरवू शकत होते. आता दुप्पट लागतंय आणि ते तिथून पुरेसं येत नाहीये. कापूस बदला, तो दाबून ठासून भरला असेल तर सैल करा, बारीक स्पंजाऐवजी जाड भोकांचा लावा. आणि पाणी उडून कमी झालं असेल तर भरा. सम्पमध्ये उडालेलं पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात कमी झालेलं दिसतं, कारण बाकीच्या कप्प्यांची पातळी पडद्यांनी धरून ठेवलेली असते.

खारंपाणी

पाणी भरताना मात्र पिन काढल्यावर केलेली वरची खूण लक्षात ठेवा. पंप चालू असताना वाटेल तेवढं भरलंत तर वीज गेल्यावर तेच बाहेर येईल. चालू पाण्याची कमाल रेषा आणि किमान रेषा अशा दोन खुणा त्या कप्प्याच्या काचेवर करा.

ओव्हरफ्लोचा आवाजही ऐका. प्रवाह दुप्पट झाला की उतरता पाइप गुळगुळ करू लागतो. त्याच्या वरच्या टोपीतलं हवेचं भोक मोकळं आहे ना, आणि टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या दातांवरून किती उंच वाहतंय, दोन्ही बघा. उतरता पाइप पुरेनासा झाला तर पाणी टाकीच्या काठावरून येईल, तेव्हा हे आजच तपासा.

पाणकणीस

कापूस बदलला, स्पंज जाड लावला. पंपाच्या कप्प्यात आता १८ सेंटिमीटर पाणी टिकून आहे, बुडबुडे तासाभरात गेले. ओव्हरफ्लोच्या टोपीचं भोक अर्धं चोंदलं होतं, मोकळं केल्यावर आवाज थांबला. दातांवर पाणी बोटभरसुद्धा नाही.

पाण्यावरची साय गेलीय आणि एंजल पहाटे खाली, मधल्या थरात दिसतात. ५००० चा पंप रद्द.

शेवटचं एक विचारते. कोरिडोरास आणि टेट्रांना काही अडचण नाही, पण एंजलच्या बाजूला धार जरा जास्त वाटते. थोडी कमी करायची तर बॉल व्हॉल्व्हने करू का? पंपाला त्रास होईल?

पानापक्कड

करा. पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या बाजूला व्हॉल्व्ह थोडा आवळला तर अशा पंपाला काही होत नाही. पाणी ओढून घेतो त्या बाजूला मात्र काहीही आवळायचं नाही, जाळीसुद्धा चोंदू द्यायची नाही; तिथे अडलं की पंप कोरडा पडून तापतो. पण आवळण्याआधी तोंडाला पुढे रुंद होत जाणारं नोझल लावून बघा, किंवा धार मागच्या काचेकडे वळवा. पाणी तेवढंच राहील, वेग विखुरला जाईल, एंजलना निवांत कोपरा मिळेल.

नवं नोझल लावल्यावर बादली एकदा परत भरा आणि सेकंद इथे टाका.

पाणकणीस

रुंद तोंडाचं लावलं आणि मागच्या काचेकडे वळवलं. २२ सेकंद. व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच ठेवलाय.